रसद तुटली की नुकसान कोणाचे?
कापूस आणि सुताच्या व्यापारातून एक धडा

कापसाच्या बोंडापासून दुकानातील ठाणापर्यंत कापड अनेक हातांतून जाते. शेतकरी, जिनिंगवाला, सूतगिरणी, सुताचा दलाल, सायझिंग, माग, प्रोसेस हाऊस, अडत्या आणि शेवटी किरकोळ दुकानदार. प्रत्येक जण आपल्या मागच्याकडून माल घेतो आणि पुढच्याला देतो. हिला आज पुरवठ्याची साखळी म्हणतात. फौजेच्या भाषेत हीच रसद. फौज कितीही शूर असो, रसद तुटली की ती हरते. तिजारतीचेही तसेच आहे.

रसद कधी ना कधी तुटणारच. संप होतो, पूर येतो, साथ येते, लढाई पेटते, सरकारचा हुकूम निघतो. हे थांबवणे आपल्या हातात नाही. म्हणून आपले बरेच व्यापारी आणि कारखानदार बांधव नुकसान झाले की "नशिबात होते" म्हणून मोकळे होतात. परंतु हिशेबाने पाहिले तर असे दिसते की, एकाच संकटात एक कारखाना बुडतो आणि शेजारचा तरतो. संकट दोघांवर सारखेच आलेले असते. फरक असतो तो संकटाच्या आधी केलेल्या व्यवस्थेत. रसद तुटल्यावर नुकसान कोणाच्या पदरात पडणार, हे बहुतेक वेळा ती तुटण्यापूर्वीच ठरलेले असते. हा मुद्दा एका जुन्या उदाहरणावरून आणि थोड्या आकडेमोडीवरून समजून घेऊ.

लँकेशायरचा कापूस-दुष्काळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडचा लँकेशायर प्रांत म्हणजे जगाचा कापड कारखाना होता. मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्यांत लाखो मजूर काम करत. पण तेथे कापसाचे एक झाडही उगवत नव्हते. इंग्लंडला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस एकट्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई. तो चांगल्या लांबीचा, साफ आणि स्वस्त होता. मग दुसरीकडे कशाला पाहायचे, असा सर्वांचा विचार होता.

धोका कोणाला दिसलाच नव्हता असे नाही. १८५७मध्ये मँचेस्टरच्या काही लोकांनी 'कॉटन सप्लाय असोसिएशन' नावाची संस्था काढली. इतर मुलुखांत कापूस वाढवावा, एकाच देशावर विसंबून राहू नये, असा तिचा प्रचार होता. गिरणी मालकांनी मान डोलावली, पण कापूस घ्यायला ते पुन्हा अमेरिकेकडेच गेले. कारण सरळ होते. दुसऱ्या मुलुखाचा कापूस घेणे म्हणजे आज थोडे नुकसान सोसणे, आणि त्याचा फायदा झालाच तर पुढे कधीतरी होणार. आजचे नुकसान प्रत्येकाला एकट्याने सोसायचे होते.

एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि कापूस यायचा बंद झाला. गिरण्या मात्र लगेच बंद पडल्या नाहीत. आधीच्या दोन वर्षांत त्यांनी खपापेक्षा जास्त कापड काढून ठेवले होते आणि गोदामे कापूस व कापडाने भरलेली होती. या साठ्यावर काही महिने निघाले. ज्या मालकांकडे साठा होता त्यांना तर वाढलेल्या भावाचा लाभच झाला. नंतर गोदामे रिकामी झाली, गिरण्या आधी अर्धा आठवडा आणि मग पूर्ण बंद राहू लागल्या. १८६२च्या हिवाळ्यात सुमारे पाच लाख लोक मदतीच्या अन्नावर जगत होते. म्हणजे साठा मालकाला वाचवू शकला, पण ज्याच्याजवळ दोन हातांशिवाय काही नव्हते तो कामगार रस्त्यावर आला.

मग सर्वांना हिंदुस्थानची आठवण झाली. मुंबई बंदरातून कापूस जाऊ लागला आणि १८६२नंतर इंग्लंडला येणाऱ्या कापसात सर्वांत मोठा वाटा हिंदुस्थानचा झाला. त्याला तेथे 'सुरत' कापूस म्हणत. पण हा कापूस आखूड धाग्याचा होता, त्यात कचरा असे आणि कातताना तार वारंवार तुटे. लँकेशायरची यंत्रे अमेरिकन कापसासाठी बनलेली होती, ती बदलावी लागली. कामाच्या नगावर मजुरी मिळवणारा मजूर या कापसावर पूर्वीइतके काम काढू शकत नव्हता, म्हणून त्याची कमाई घटली. यावरून पहिला धडा मिळतो. दुसरा पुरवठादार गरजेच्या दिवशी शोधून चालत नाही. त्याचा माल आपल्या यंत्राला चालतो की नाही, आपला कारागीर त्यावर हात बसवू शकतो की नाही, हे शांततेच्या काळातच पाहून ठेवावे लागते.

मुंबईची चांदी आणि दख्खनचे कर्ज

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहू. ती आपल्या मुलुखाची आहे. युद्धाच्या काळात कापसाचे भाव जवळजवळ चौपट झाले. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका आणि कंपन्या निघाल्या, बॅक बे रेक्लमेशनच्या शेअरांचा सट्टा रंगला. दख्खनच्या खेड्यांत सावकार स्वतःहून शेतकऱ्याच्या दारी आले. कापूस पेरणाऱ्याला एकरी शंभर रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम मिळू लागली.

या सुबत्तेत एका माणसाची दैना झाली. तो म्हणजे आपला हातमाग विणकर. कापूस बंदराकडे निघाला आणि देशातील विणकराला तो मिळेना, मिळाला तर भाव परवडेना. मालेगावात १८५७च्या बंडानंतर उत्तरेकडून निघालेले विणकर येऊन वसत होते, तोच हा काळ. कापूस त्यांच्या शेजारी, खानदेशात पिकत होता. पण माल जवळ पिकतो म्हणून तो आपलाच, हे बाजारात खरे नसते. जो जास्त भाव देतो आणि आगाऊ पैसे देतो, त्याच्याकडे माल जातो.

एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेच्या फौजेने शरणागती पत्करली. नाकेबंदी उठणार म्हटल्यावर कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील सट्टा एका फटक्यात उलटला. १८४०मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे १८६८मध्ये बंद करावी लागली. इंग्लंडचे गिरणीवाले हळूहळू पुन्हा अमेरिकन कापसाकडे वळले. खेड्यात सावकाराने हात आखडता घेतला आणि जुने कर्ज मागू लागला. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

दुसरा धडा हा की, दुसऱ्याची रसद तुटल्यामुळे आलेली मागणी ही पाहुणी असते. तिच्या भरवशावर कर्ज काढून घर बांधू नये. बाजारात अचानक तेजी आली की प्रथम विचारावे, ही तेजी लोक जास्त कापड वापरू लागल्यामुळे आली की कोठेतरी वाट बंद झाल्यामुळे? वाट बंद झाल्यामुळे आली असेल तर वाट उघडताच ती जाणार.

साखळीच्या चार कड्या

रसद तुटली म्हणजे सूत आले नाही, एवढाच अर्थ आपण घेतो. वास्तविक चार कड्या असतात आणि कोणतीही एक तुटली तरी माग थांबतो.

पहिली कडी मालाची. कापूस आणि सूत यांचा वर उल्लेख आलाच आहे.

दुसरी कडी माणसांची. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बाजारातील कापडाची गरज मात्र संपली नाही, ती भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांकडे वळली. त्यातले बरेचसे काम मुंबईच्या गिरण्यांकडे परत गेलेच नाही. सप्टेंबर १९९४मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि थोड्या दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. यंत्रे जागेवर होती, सूत होते, पण चालवणारे हात नव्हते. २०२०च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली तेव्हाही असेच झाले. मेच्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला श्रमिकांची खास गाडी गेली. टाळेबंदी उठल्यावर माग लगेच चालू झाले नाहीत, कारण कारागीर शेकडो मैल दूर होते.

तिसरी कडी पैशाची. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. यंत्रमागाच्या गावांत आठवड्याची मजुरी रोखीने दिली जाई. सूत गोदामात होते, कारागीर दारात होता, वीज होती. द्यायला रोकड नव्हती म्हणून माग थांबले.

चौथी कडी वाटेची. २३ मार्च २०२१ रोजी चारशे मीटर लांबीचे 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले. २९ मार्चला ते निघेपर्यंत शेकडो जहाजे खोळंबली. नोव्हेंबर २०२३पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा युरोपला जाणारा पुष्कळ माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. या वळशाला दहा ते पंधरा दिवस जास्त लागतात. निर्यातदाराचा पैसा तेवढे दिवस जास्त अडकला, आणि त्याने गावातील कारखानदाराचे बिल तेवढे दिवस उशिरा चुकते केले. समुद्रातील अडचण अशा रीतीने उधारीच्या वाटेने आपल्या गल्लीत येते.

साठा किती ठेवावा?

आता हिशेबाकडे येऊ. रसद तुटण्यावर पहिला उपाय साठा. पण साठ्याला किंमत पडते आणि ती रोज पडते. म्हणून "भरपूर साठा ठेवा" हा सल्ला जितका सोपा, तितकाच कच्चा आहे.

समजा, २४ मागांचा एक कारखाना आहे. तेथे दिवसाला १५० किलो सूत लागते आणि सुताचा भाव किलोला २५० रुपये आहे. म्हणजे एका दिवसाच्या सुतात ३७,५०० रुपये अडकतात. हीच रक्कम धंद्यात फिरली असती तर महिन्याला दीड टक्का नफा मिळाला असता असे धरू. म्हणजे एक दिवसाचा साठा वर्षभर पडून ठेवण्याची किंमत ६,७५० रुपये झाली.

आता कारखाना एक दिवस बंद राहिला तर किती नुकसान? जागेचे भाडे, विजेचा स्थिर आकार, कारागिरांना द्यावी लागणारी खोराकी आणि बुडालेला नफा मिळून ९,००० रुपये धरू.

समजा, अनुभव असा आहे की वर्षातून दोनदा सुताची गाडी चार दिवस उशिरा येते. शिवाय चार वर्षांतून एकदा महिनाभराचा मोठा खंड पडतो. पहिल्या चार दिवसांच्या साठ्यातील प्रत्येक दिवस वर्षातून दोनदा कामी येतो, म्हणजे किमान १८,००० रुपये वाचवतो आणि त्याची किंमत ६,७५० आहे. हा साठा ठेवलाच पाहिजे. पण पाचव्या दिवसाचा साठा चार वर्षांतून एकदाच कामी येणार. तो वाचवतो ९,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,२५० रुपये. त्याची किंमत मात्र तीच, ६,७५०. पाचव्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंत प्रत्येक दिवसाचा साठा असाच तोट्याचा आहे.

यातून नियम निघतो. पहिल्या दिवसाच्या आणि विसाव्या दिवसाच्या साठ्याची किंमत सारखीच असते, पण उपयोग सारखा नसतो. वारंवार येणाऱ्या लहान खंडासाठी साठा हा उत्तम उपाय आहे. क्वचित येणाऱ्या मोठ्या खंडासाठी तो फार महाग पडतो. एक अपवाद लक्षात ठेवावा. कारखाना बंद राहिल्याने एखादे मोठे गिऱ्हाईक कायमचे तुटणार असेल, तर बंदीच्या दिवसाचे नुकसान ९,००० नसून कितीतरी जास्त आहे. ते दिवसाला ३०,००० धरले तर चार वर्षांतून एकदाच्या खंडासाठीही साठा परवडू लागतो. म्हणून आपले आकडे प्रत्येकाने स्वतः मांडावेत, शेजाऱ्याचे पाहून साठा ठेवू नये.

साठा आणि साठेबाजी

येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. आपले माग चालू राहावेत म्हणून ठेवलेला माल हा साठा. भाव चढेल म्हणून दाबून ठेवलेला माल ही साठेबाजी, ज्याला आपल्याकडे इहतिकार म्हणतात आणि जी मना आहे. ती धंद्याच्या हिशेबानेही धोक्याची आहे. साठा दिवसांत मोजला जातो, साठेबाजी रुपयांत.

२०१०-११चा अनुभव पाहा. ऑगस्ट २०१०मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कापूस पौंडाला एका डॉलरच्या आत होता. मार्च २०११मध्ये तो दोन डॉलरच्या वर गेला. आपल्याकडे सरकारने कापूस आणि सुताच्या निर्यातीवर बंधने घातली. भाव आणखी चढणार या समजुतीने ज्यांनी चढ्या भावाने माल भरला, त्यांच्या गळ्यात तो अडकला. काही महिन्यांत भाव घसरले, गिरण्यांकडे सूत साचले आणि त्यांना उत्पादन कमी करावे लागले.

२०२१-२२मध्ये पुन्हा तेच. २०२१च्या सुरुवातीला ३५६ किलोच्या खंडीचा भाव पंचेचाळीस हजारांच्या आसपास होता. मे २०२२मध्ये तो एक लाखाच्या पुढे गेला. सरकारने त्याआधीच, १४ एप्रिल २०२२पासून, आयात कापसावरील शुल्क तात्पुरते उठवले होते. वर्षअखेरीस भाव साठ-पासष्ट हजारांवर आला. ज्याच्याकडे फक्त आठवड्याचे सूत होते त्याला घसरणीचा फटका आठवड्यापुरता बसला. ज्याने तीन महिन्यांचे भरले होते, त्याची पुंजी गेली. रसद तुटण्याची भीती आणि भाव चढण्याची लालूच या दोन्ही एकाच वेळी मनात येतात आणि एकमेकींचे कपडे घालतात. खरेदी करताना स्वतःला विचारावे, आपण दिवस मोजतो आहोत की रुपये?

दुसरा पुरवठादार

मोठ्या खंडासाठी साठा परवडत नसेल तर उपाय काय? दुसरा पुरवठादार. वरचाच कारखाना घेऊ. समजा, त्याने आपल्या सुतापैकी चौथा हिस्सा कायम दुसऱ्या ठिकाणाहून घेतला आणि तेथे किलोला दोन रुपये जास्त मोजले. दिवसाला साडेसदतीस किलोंवर ७५ रुपये जास्त गेले. वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत २२,५०० रुपये झाले. आता चार वर्षांतून एकदा महिनाभराचा खंड पडला, पहिले चार दिवस साठ्यावर निघाले आणि उरलेले २६ दिवस दुसऱ्याच्या सुतावर निम्मे माग चालले. निम्मे नुकसान वाचले, म्हणजे १,१७,००० रुपये. वर्षाला हिशेब केला तर २९,२५०. खर्च २२,५००, फायदा २९,२५०. मोठ्या खंडासाठी साठा तोट्याचा होता, दुसरा पुरवठादार परवडला.

हे दोन रुपये म्हणजे हप्ता आहे. खंड पडला नाही त्या वर्षी ते वाया गेल्यासारखे वाटतात. लँकेशायरच्या मालकांना तसेच वाटत होते.

पण दुसरा पुरवठादार खरोखर दुसरा आहे का, हे पाहावे. दोन दलालांकडून सूत घेतो आणि दोघेही एकाच गिरणीचे सूत विकतात, तर आपला पुरवठादार एकच आहे. दोन गिरण्या आहेत, पण दोन्ही एकाच भागात, त्याच विजेवर आणि त्याच रस्त्यावर अवलंबून, तर एका पुराने दोन्ही बंद होतील. हीच गोष्ट विक्रीच्या बाजूला. मालेगावचे कोरे कापड प्रक्रियेसाठी पाली, बालोत्रा, अहमदाबादकडे जाते. प्रदूषणाच्या प्रश्नावरून राजस्थानातील असे कारखाने बंद राहण्याचे प्रसंग आलेले आहेत. आपल्या सुताची सोय चोख असूनही पुढची वाट बंद झाली तर कापडाच्या गाठी घरातच पडतात. म्हणून घेणारेही दोन असावेत.

आणि काही संकटे अशी असतात की सर्व पुरवठादार एकदमच बंद होतात, जसे २०२०मध्ये झाले. तेथे सुताचा साठाही निरुपयोगी, कारण माग चालवायचीच मनाई. अशा वेळी फक्त रोख पुंजी कामी येते. घरखर्च आणि कारागिरांची खोराकी दोन महिने निघेल इतकी रक्कम धंद्याच्या बाहेर ठेवणे, हा साखळीचाच एक भाग समजावा.

लहान माणसाने काय करावे?

येथपर्यंतचा हिशेब ज्याचे स्वतःचे सूत आहे त्याचा झाला. पण आपल्यातील फार मोठा वर्ग मजुरीवर विणणारा आहे. सूत आणि बीम व्यापाऱ्याचे, माग आपले, मजुरी मीटरवर. रसद तुटली तर व्यापाऱ्याचा पैसा अडकतो, पण मजुरीवाल्याची कमाई शून्य होते. त्याच्याखाली मागावर उभा राहणारा कारागीर आहे, त्याची तर त्याच दिवशी. नुकसान साखळीत खाली खाली सरकत जाते आणि ज्याच्याकडे पुढे ढकलायला कोणी नाही, त्याच्यावर येऊन थांबते. लँकेशायरमध्ये हेच झाले होते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, बोलीचा. मजुरीचा दर ठरवताना बंदीच्या दिवसांचेही ठरवावे. बीम संपल्यावर ठरावीक दिवसांत पुढचे बीम आले नाही, तर दिवसाला अमुक रक्कम द्यावी किंवा दुसऱ्याचे काम घेण्याची मोकळीक असावी, आणि हे लिहून ठेवावे. यात व्यापाऱ्याचेही हित आहे. बंदीत ज्याचे कारागीर पांगले, त्याच्याकडे सूत आल्यावरही वेळेवर माल निघत नाही.

दुसरा मार्ग एकत्र येण्याचा. दहा लहान कारखानदारांनी मिळून सुताचा एक सामाईक साठा ठेवला, तर प्रत्येकाला स्वतंत्र साठ्यापेक्षा कमी पैसे अडकवावे लागतात, कारण सर्वांची गाडी एकाच दिवशी चुकत नाही. अट एवढीच की सर्वांना चालेल असा काउंट असावा आणि हिशेब एकाच्या हातात, पण सर्वांच्या डोळ्यांसमोर असावा.

शेजाऱ्याचा कारखाना हाही एक प्रकारचा साठाच असतो. याचे एक उदाहरण मोटारींच्या धंद्यातील आहे. जपानची टोयोटा कंपनी साठा जवळजवळ न ठेवण्यासाठी प्रसिद्ध. तिच्या ब्रेकमध्ये लागणारा एक लहान व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा आयसिन नावाच्या एकाच पुरवठादाराकडून येई. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिनच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली आणि काही दिवसांत टोयोटाचे कारखाने बंद पडले. मग आयसिनने व्हॉल्व्हचे नकाशे इतरांना मोकळे केले. आजूबाजूच्या डझनावारी कारखान्यांनी, आधी मोबदल्याची घासाघीस न करता, आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. त्यात शिलाई यंत्रे बनवणारी ब्रदर कंपनीही होती, जिने मोटारीचा भाग पूर्वी कधी बनवला नव्हता. सुमारे आठवड्याभरात मोटारी पुन्हा निघू लागल्या. हे शक्य झाले, कारण ही माणसे वर्षानुवर्षे एकमेकांशी व्यवहार करत होती आणि नंतर आपला हिशेब बुडणार नाही याची त्यांना खात्री होती. साख हे असे भांडवल आहे, जे गोदामात जागा घेत नाही आणि आगीत जळत नाही. पण ते संकटाच्या दिवशी उधार मिळत नाही.

आता करावयाची पाच कामे

१. एका कागदावर आपल्या धंद्याच्या चार कड्या लिहाव्यात: माल, माणसे, पैसा, वाट. प्रत्येकीपुढे लिहावे, ही उद्या तुटली तर किती दिवस निघतील? ज्या कडीपुढे सर्वांत लहान आकडा येईल, तेथून सुरुवात करावी.

२. मागील दोन वर्षांत माग किती वेळा आणि किती दिवस बंद राहिले, हे वहीवरून काढावे. साठा त्या हिशेबाने ठेवावा, बाजारातील अफवेने नाही.

३. सूत देणारे आणि कापड घेणारे किमान दोन असावेत, आणि ते दोघे मुळात एकच नाहीत याची चौकशी करावी. दुसऱ्याचा थोडा माल नेहमी घेत राहावे.

४. मजुरीच्या बोलीत बंदीचे दिवस घालावेत. कारागिरांना दोन जातींचे कापड विणता येईल असे शिकवावे, म्हणजे एक काउंट मिळाला नाही तर दुसऱ्यावर काम चालेल.

५. उधारी वेळेवर चुकती करावी. तंगीच्या दिवसांत गिरणीवाल्याजवळ शंभर पोती सूत आणि तीनशे गिऱ्हाईके असतात. तो भाव सर्वांना एकच सांगतो, पण माल आधी त्यालाच देतो ज्याचे बिल मागच्या वेळी मुदतीत आले होते. वेळेवर चुकवलेले प्रत्येक बिल हा पुढच्या तुटवड्यात आपल्या नावाने राखलेला माल आहे.